ग्रॅमवरून चमचे मोजताना

‘५० ग्रॅम मैदा आणि १० ग्रॅम मीठ म्हणजे किती चमचे?’ या प्रश्नाला उत्तर देताना एकाने सर्व जिनसांसाठी ग्रॅमवरून चमचे काढण्याचा एकच हिशेब सुचवला आहे. तो मला पटत नाही, कारण चमचा आकारमान मोजतो, वजन नव्हे. १५ मिलिलिटरच्या मोठ्या सपाट चमच्यात पाणी १५ ग्रॅम, साखर साधारण १२, तर मैदा जेमतेम ८ ग्रॅम मावतो. म्हणून ५० ग्रॅम मैद्याला असे सहा चमचे आणि वर थोडा मैदा लागतो. मिठाला मात्र फार जपावे: ५ मिलिलिटरच्या छोट्या चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम भरते, खडेमीठ त्याहून कमी. नाशिकला आमच्या घरातला पोह्यांचा चमचा मी खोकल्याच्या औषधाच्या मापाने पाणी ओतून तपासला, तेव्हा त्यात १० मिलिलिटरसुद्धा मावले नाही. तेव्हा आपला चमचा आधी असा मोजून घ्यावा.