मांसाला चटावलेलं 'ते': मराठीत नेमकं काय म्हणायचं?

परवा एक हॉरर पिक्चर पाहिला, त्यातलं जे काही आहे ते कुणाच्या अंगात येत नाही, सूड वगैरे पण नाही, त्याला फक्त मांस हवं असतं, आणि एकदा मिळालं की परत हवं असतं. मित्राला स्टोरी सांगायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडकलो. भूत म्हणवेना, कारण आपलं भूत लागतं, धरतं, झपाटतं. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला मुलगा, ब्रह्मसमंध म्हणजे ब्राह्मणाचं भूत, म्हणजे नाव पडतं ते मेलेला कोण होता त्यावरून, तो खातो काय यावरून नाही. नरभक्षक म्हटलं की वाघ डोळ्यासमोर येतो. मग शब्द कुठला?

—

पिशाच बिनधास्त वापरा. आज आपण कुठल्याही भुताला पिशाच म्हणतो पण पारंपरिक व्युत्पत्ती पिशित म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच अशीच देतात. दुसरा शब्द क्रव्याद, क्रव्य म्हणजे कच्चं मांस. ऋग्वेदात चितेच्या अग्नीला क्रव्याद म्हटलंय आणि त्याला लांब जा म्हणून सांगितलंय, हे वाचून माझ्या तर अंगावर काटा आला होता. इंग्रजीतला कच्चा या अर्थाचा 'रॉ' याच कुळातला. अमरकोशात मांसाचे सहा शब्द एका ओळीत आहेत, पिशित, तरस, मांस, पलल, क्रव्य, आमिष. यातल्या आमिषाचा मराठीत गळाला लावायचा तुकडा झाला, भीतीच्या गोष्टीत हा शब्द फार कामाचा आहे.

—

मला वाटतं नाम मिळालं तरी अर्धंच काम झालं, खरी गंमत क्रियापदात आहे. हपापणे म्हणजे मिळण्याआधीची ओढ, ती पैशाचीही असते. वखवख वेगळी, ती खाऊनही जात नाही आणि डोळ्यांत दिसते. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे, क्री लोकांच्या कथांमधला वेंडिगो नावाचा राक्षस जेवढी माणसं खातो तेवढाच मोठा होत जातो त्यामुळे पोट कधी भरतच नाही, ती वखवख. चटावणे मात्र चव लागल्याशिवाय होत नाही, म्हणून वाघ माणसाला चटावतो. आणि सोकावणे म्हणजे कुणी अडवलं नाही म्हणून परत यायची सवय लागणे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, ही म्हण नीट ऐका, त्याला घर माहीत झालंय, तो परत येणार, अख्खा हॉरर पिक्चर आहे त्यात!

—

अरे वा, मग माझं वाक्य सुटलं. त्या पिक्चरमध्ये पहिला माणूस अपघाताने मरतो, त्याचं रक्त जमिनीत मुरतं आणि त्यानंतरच ते जागं होतं, म्हणजे वखवखलेलं नाही, चटावलेलं पिशाच. सोकावलेलं सेकंड हाफमध्ये, गावकरी गप्प बसतात तेव्हा.