'जलद वर्णलेखन' : यात जलद काय?

कुपवाडहून : आमच्या प्रयोगशाळेचं माहितीपत्रक मराठीत करतेय. पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या, जीपीसी (जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफी) चाचणीचा 'फास्ट' प्रकार सुरू केलाय. अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत आलेख मिळतो. क्रोमॅटोग्राफी म्हणजे वर्णलेखन, म्हणून मी 'जलद वर्णलेखन' लिहिलं, तर साहेब म्हणाले, हे मुळाक्षरं गिरवल्यासारखं वाटतं. काय लिहू?

सांगलीहून : ताई, साहेबांना वाटलं त्यात नवल नाही. पण इथे 'वर्ण' म्हणजे अक्षर नाही, रंग. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेतने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतली हिरवी-पिवळी द्रव्यं खडूच्या भुकटीतून वेगळी केली, तेव्हा रंगांचे पट्टे खरंच दिसले होते. तुमचं पॉलिस्टायरीनसारखं पॉलिमर बिनरंगी. ते ओळखायला अपवर्तनांक (द्रावणात प्रकाश किती वळतो ते) मोजावा लागतो. तरी शब्द रुळलाय, ठेवा. फक्त खुलाशात 'चाळणी' लिहू नका. तासगावच्या बेदाण्याच्या चाळणीतून बारीक दाणा आधी पडतो. इथे सगळं उलटं. मोठे रेणू नळीत भरलेल्या जेलच्या छिद्रांत मावत नाहीत, म्हणून बाहेरच्या बाहेर निघून आधी येतात; लहान रेणू छिद्राछिद्रांत रेंगाळतात. शिवाय वेगळं होतं ते वजनावर नाही, द्रावणात साखळीचं वेटोळं किती फुगलंय त्यावर. म्हणून तर ज्ञात रेणुभाराचं पॉलिस्टायरीन यंत्रात सोडून आधी तुलनेसाठी मापनरेषा आखतात.

साताऱ्याहून : माझा आक्षेप 'जलद'वर आहे. वाचणाऱ्याला वाटणार, पंपाचा प्रवाह वाढवला. नुसता प्रवाह वाढवला तर मोठ्या रेणूंना छिद्रांत जा-ये करायला वेळ पुरत नाही, आलेखातली शिखरं पसरतात. फार लांब साखळ्या ताणाने तुटतात आणि रेणुभार खोटाच कमी दिसतो. एरवी 30 सेंटिमीटरचे दोन-तीन स्तंभ (जेल भरलेल्या नळ्या) एकापुढे एक जोडून मिनिटाला 1 मिलिलिटर द्रावक सोडतात. तुमच्याकडे स्तंभ आखूड आणि आतले कण बारीक असणार, वेळ वाचतो तो तिथे. दाब मात्र वाढतो. मी 'अल्पवेळ' लिहीन.

कुपवाडहून : 'अल्पवेळ' शाळेच्या सुट्टीसारखं वाटतं हो! 'आखूड स्तंभावरचं वर्णलेखन' चालेल? आणि 'पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स'ला काय म्हणू?

सांगलीहून : 'आखूड स्तंभ' उत्तम. दुसऱ्याचं इंग्रजी नावच आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2009 मध्ये नुसतं 'डिस्पर्सिटी' करायला सांगितलंय. 'रेणुभारातली तफावत' लिहा, गिऱ्हाइकाला कळेल.

साताऱ्याहून : आणि 'दहा मिनिटांत निकाल' असं छापू नका. ती दहा मिनिटं यंत्राची. नमुना टीएचएफ या द्रावकात नीट विरघळायलाच काही तास जातात. पॉलिइथिलीन असेल तर टीएचएफ कामाचंच नाही. ट्रायक्लोरोबेन्झीन 150 अंशांच्या आसपास तापवावं लागतं, त्याचं यंत्रही वेगळं.