दूध पातळ दिसतंय, सेलेनियम कमी पडत असेल का?

प्रश्न
सोलापूर, पूर्व भागातून लिहितेय. बाळ सात आठवड्यांचं, फक्त अंगावरचं पितं. परवा थोडं दूध वाटीत काढलं तर निळसर, पाण्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "यात काय कस असणार!" शेजारच्या अक्कांनी सेलेनियम या खनिजाच्या गोळ्या सुचवल्या. मी शाकाहारी. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, डाळ, एवढंच. रात्री यंत्रमागाच्या खडखडाटात पाजताना हेच डोक्यात फिरतं. सेलेनियम सायीत असतं का?

उत्तर १
ताई, मी डेअरीच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं काम केलं, आणि माझ्या लेकीच्या वेळी हीच भीती मलाही होती. सायीत सेलेनियम अगदी थोडं. ते बांधलेलं असतं प्रथिनांना. दूध फाटलं की चोथा आणि निवळी वेगळी होते ना? आईच्या दुधात निवळीतली प्रथिनं जास्त, सेलेनियमही बरंचसं तिथेच. काही ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकरात (एन्झाइममध्ये), त्याच्या ऐन कामाच्या जागी. काही सेलेनोमेथिओनिन म्हणून. ते धान्यातून येतं, आणि शरीर त्याला साधं मेथिओनिन, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्यातलं एक अमिनो आम्ल, समजून प्रथिनात ओवतं, जसा मागावर दुसऱ्या गिरणीचा पण त्याच नंबरचा धागा कुणाला न कळता विणला जातो. म्हणून थोडं केसीनमध्ये, म्हणजे चोथ्यातल्या प्रथिनातही सापडतं.

पाजायला घेतल्यावर आधी येतं ते दूध पातळच असतं, स्निग्धांश शेवटी वाढतो. प्रथिनं मात्र फारशी बदलत नाहीत. तुम्ही वाटीत काढलेलं आधीचं होतं का?

उत्तर २
चिकात सेलेनियम जास्त, पुढे लिटरला साधारण 15 ते 20 मायक्रोग्रॅम. पहिले सहा महिने बाळाला दिवसाला 15 पुरेसे धरतात. मातीत नसेल तर धान्यात नाही, आणि मग आईच्या दुधातही कमी. चीनमधल्या केशान भागात 1935 साली हृदयाचा जो आजार नोंदला गेला, त्यामागे हीच कमतरता होती. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, कळकळीने सांगते. मोठ्या माणसालाही दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर नको, आणि आईने घेतलेलं दुधात उतरतं. डॉक्टरांना विचारा. बाळाचं वजन वाढतंय ना?

प्रश्नकर्ती
हो, ते आधीचंच होतं! आज पाजून झाल्यावर काढलं तर पांढरंफेक. दोन्ही वाट्या सासूबाईंपुढे ठेवल्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी वाटीत काढून बघितलंच नाही गं." सोमवारी वजन करायला जातोय, तेव्हाच गोळ्यांचंही विचारते.