बोट ट्रेलरचे पाटे: गंज थांबवायचा कसा आणि पाटा बदलायचा कधी?

वल्हं_आणि_पाना (प्रश्न)

एका अ‍ॅक्सलचा (चाकं जोडणारा आडवा दांडा) ट्रेलर आहे. दोन्ही बाजूंना चार-चार पाट्यांची (एकावर एक रचलेल्या स्टीलच्या पट्ट्या) स्प्रिंग, पुढे फिक्स बोल्ट, मागे शॅकल (स्प्रिंगचं टोक हलतं ठेवणारी कडी). आठवड्यातून दोनदा खाऱ्या पाण्यात उतरतो. चासी गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली), पाटे मात्र साधे, काळा रंग मारलेले. वरचा रंग बरा दिसतो, पण पाट्यांच्या सांध्यातून नारिंगी ओघळ येतात आणि मेन पाटा (सर्वात लांब) व दुसरा पाटा यांच्यात टोकाकडे फट पडली आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाटे सुटे करून मध्ये ग्रीस भरावं का? हेच पाटे हॉट डिप गॅल्वनाइजिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवून थर देणं) द्यावेत का? आणि इंजिनाचं जळकं ऑइल मारा, असं जे सगळे सांगतात, त्यात काही अर्थ आहे का?

सेंटर_बोल्ट

ती फट गंजानेच पाडली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पाट्यांच्या मध्ये त्याला जागा मिळत नाही, म्हणून तो पाटेच उचलतो. फट वाढली की आणखी खारं पाणी आत, मग आणखी गंज. बाहेरून कितीही रंग मारा, आत हे चालूच राहतं.

ट्रेलर छपराखाली कोरडा उभा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाझरायला लागतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल धरतं. म्हणजे मीठ आत राहिलं तर पाटा बहुतेक दिवस ओलाच. म्हणून धुणं महत्त्वाचं, आणि धुणं म्हणजे पाइपने दोन फवारे मारणं नव्हे. गोड्या पाण्याची कमी दाबाची धार सांध्यांवर, शॅकलवर आणि अ‍ॅक्सलच्या बैठकीवर (जिथे स्प्रिंग टेकते) प्रत्येक बाजूला दहा-पंधरा मिनिटं सोडा, म्हणजे आतलं मीठ विरघळून बाहेर येईल. प्रेशर वॉशर हबच्या सीलवर धरू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

पण त्याआधी एक ठरवा: हा पाटा वाचवण्याजोगा आहे का? वायर ब्रशने पापुद्रे काढून कॅलिपरने जाडी मोजा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी १० टक्के घटली तर ताठपणा सुमारे २७ टक्के घटतो, आणि तेवढ्याच वजनाला पाट्यावरचा ताण जवळपास २३ टक्क्यांनी वाढतो. त्यात गंजाने पाडलेले बारीक खड्डे. चीर तिथूनच सुरू होते. सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध जोडणारा) भोकाजवळ, यू-बोल्टच्या (स्प्रिंग अ‍ॅक्सलला आवळणारा) कडेला आणि खालच्या आखूड पाट्याचं टोक जिथे वरच्या पाट्यावर टेकतं तिथे बारकाईने बघा. पाट्यावर आडवी, सुतासारखी नारिंगी रेघ दिसली तर तो डाग नाही, चीर आहे. असा पाटा पुन्हा चढवायचा नाही, आणि वेल्डिंगचा तर विचारही नको. उष्णतेने टेम्पर (स्टीलला दिलेला कडकपणा) जातो आणि वेल्डच्या कडेलाच पाटा मोडतो.

ग्रीसगन

ग्रीसबद्दल माझं मत सरळ आहे: खाऱ्या पाण्यातल्या ट्रेलरच्या पाट्यांमध्ये ग्रीस भरू नका. उघड्यावरचं ग्रीस रॅम्पवरची वाळू धरून ठेवतं आणि पाट्यांमध्ये पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. शिवाय टोकांकडचं ग्रीस दाबाने बाहेर फेकलं जातं, नेमकी जिथे गरज तिथे कोरडं. लॅनोलिनचा स्प्रे (लोकरीतल्या मेणाचा) पातळ असताना फटीत सरकतो आणि मग चिकट थर होऊन बसतो. धुऊन किमान एक दिवस वाळवा. मग चासी जॅकवर उचला, म्हणजे अ‍ॅक्सल लोंबेल, पाट्यांवरचा दाब हलका होईल आणि स्प्रे आत जाईल. दोन्ही कडांनी मारा. वापर तुमच्याएवढा असेल तर दर दोन महिन्यांनी पुन्हा. ब्रेक असतील तर ड्रम किंवा डिस्क पिशवीने झाकून मगच, नाहीतर ब्रेकच धरणार नाहीत.

ग्रीसची खरी जागा शॅकलचे बोल्ट. निपल (ग्रीस भरायचं तोंड) असतील तर मरीन ग्रीस, शक्यतो कॅल्शियम सल्फोनेटचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. इथेही चासी उचललेली हवी. वजन असताना बुशची (बोल्टभोवतीची नळी) एक बाजू घट्ट दाबलेली असते आणि तिथे ग्रीस पोचतच नाही. निपल नसतील आणि बुश नायलॉनचे असतील तर वर्षातून एकदा बोल्ट काढून बघा. नायलॉन झिजून गेलं की बोल्ट आणि पाट्याचा डोळा (टोकाची गोल वळी) एकमेकांना खातात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

जॅक चासीखाली, अ‍ॅक्सलच्या मधोमध कधीच नाही. खाली स्टँड, चाकांना ठोकळे, आणि बोट उतरवून ठेवता आली तर फारच छान.

जस्त_आणि_लोखंड

वापरलेले पाटे गॅल्वनाइजिंगला देऊ नका. दोन कारणं. एक, बुडवण्याआधी ते आम्लात साफ करतात. त्यात सुटणारा हायड्रोजन कडक स्टीलमध्ये शिरतो आणि स्टील ठिसूळ होतं. वरून ठीक दिसणारा पाटा मग वजनाखाली अचानक तुटू शकतो. दुसरं, वितळलेलं जस्त साधारण ४५० अंश सेल्सिअसला असतं आणि स्प्रिंग स्टीलचं टेम्परिंगही त्याच पट्ट्यात होतं, त्यामुळे स्टीलचा कडकपणा बदलण्याचा धोका. कारखान्यातून गॅल्वनाइज्ड होऊन येणारे पाटे हे सगळं सांभाळून बनवलेले असतात, ते घ्या. तेही अमर नाहीत. पाटे एकमेकांवर घासतात तिथलं जस्त आधी जातं, पण आयुष्य नक्कीच वाढतं. हायड्रोजनच्या त्याच भीतीने घरी तीव्र आम्ल वापरून गंज काढू नका, वायर ब्रशच बरा.

झिंकचा कोल्ड स्प्रे मारणार असाल तर सुक्या थरात ९० टक्क्यांच्या वर जस्त असलेला घ्या आणि चकचकीत उघड्या लोखंडावरच मारा. जस्त लोखंडाला प्रत्यक्ष चिकटलं तरच त्याचं रक्षण करतं. गंजावर किंवा तेलकट जागेवर मारलेला झिंक स्प्रे म्हणजे नुसता राखाडी रंग.

जळक्या ऑइलबद्दल: त्यात ज्वलनातली आम्लं आणि कचरा असतो, रबराचे बुश ते फुगवतं, आणि ट्रेलर पाण्यात गेला की रॅम्पभर तवंग पसरतो. गंज थोडे दिवस थांबतो हे खरं, पण तेवढं काम लॅनोलिनही करतं.

वल्हं_आणि_पाना

मोजलं. मूळ जाडी ७ मिमी, डाव्या मेन पाट्याची सर्वात पातळ जागा ६.२ मिमी, उजव्याची ६.६. चीर कुठे दिसली नाही. फक्त डावी स्प्रिंग बदलली तर चालेल? आणि यू-बोल्ट स्टेनलेसचे घेऊ का?

सेंटर_बोल्ट

६.२ म्हणजे त्या जागी ताठपणा सुमारे ३० टक्के गेला. बदला, आणि दोन्ही बदला. एका बाजूला नवी, एका बाजूला दमलेली स्प्रिंग असली की बोट कलते आणि सगळा ताण कमजोर बाजूवर येतो. नवी घेताना जुन्या पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर, पाट्याची रुंदी, पाट्यांची संख्या, बुशचं भोक आणि स्प्रिंगवर ठोकलेली वजनक्षमता जुळवा. एक पाटा जास्त घालून ‘मजबूत’ करायच्या फंदात पडू नका, ट्रेलर उसळतो आणि ते धक्के बोटीच्या तळाला बसतात.

जस्त_आणि_लोखंड

यू-बोल्ट स्टेनलेसचे नकोत, हॉट डिप गॅल्वनाइज्ड घ्या. स्टेनलेसचे आटे कसताना एकमेकांत जाम होतात, आणि खाऱ्या पाण्यात शेजारचं जस्त व लोखंड आधी झिजतं. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावाच, पण तांबं नसलेलं. लावल्यावर कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (कसण्याचा जोर) तसाच वापरू नका, बोल्ट ताणला जातो. जुने यू-बोल्ट परत चढवू नका, ते आधीच ताणलेले असतात.

ग्रीसगन

बसवताना सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय ना ते हाताचं बोट घालून तपासा, तिरकं राहिलं की सगळंच तिरकं. बैठकीवर रंगाचा जाड थर ठेवू नका. तो दबतो आणि यू-बोल्ट ढिले पडतात. नट समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, अ‍ॅक्सल बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कला कसा. शॅकलचे नट मात्र इतके आवळू नका की शॅकल हलणारच नाही, आणि बुश रबराचे असतील तर ते नट बोटीचं वजन खाली आल्यावरच शेवटचे कसा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं.

मग कपलरच्या (गाडीला जोडायचं पुढचं टोक) मध्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. फरक ३ मिमीच्या आत हवा, नाहीतर एका बाजूचा टायर खाल्ला जाईल. पहिल्या ५० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने बघा. नवे पाटे बसतात आणि नट हमखास थोडा फिरतो.