आई सरपंच, डोंगल बाबांच्या खिशात! मदत हवी आहे

नमस्कार. घरचंच प्रकरण आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातलं लहानसं गाव, मी नोकरीसाठी पुण्यात.

सोडतीत आमचं सरपंचपद महिलेसाठी निघालं. बाबांची पाच वर्षांची तयारी पाण्यात, मग आईला उभं केलं. थेट जनतेतून निवडणूक, आई निवडून आली. बॅनरवर तिच्यापेक्षा बाबांचा फोटो मोठा होता, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

आता मासिक सभेत खुर्चीवर बाबा. प्रोसिडिंग बुक (सभेच्या नोंदींची वही) घरी येतं, आई कणकेचे हात पुसून सही करते. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीने निघतात, त्यातला आईचा डोंगल (डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा यूएसबी) बाबांकडे. गावात तर तिला 'सरपंचाची बायको' म्हणतात. सरपंच तीच आहे हो!

आई दहावी झालीय. बचत गटाचा हिशेब बारा वर्षं तिनेच ठेवला, एक रुपया इकडचा तिकडे नाही. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना देऊन २०११ पासून इतकी वर्षं झाली. २०२३ मध्ये लोकसभा-विधानसभेच्या ३३ टक्क्यांचा कायदा झाला, तेव्हा टीव्हीसमोर महिला सक्षमीकरणावर भाषण ठोकलं ते बाबांनीच.

बाबा पैसे खातात असं माझं म्हणणं नाही. पण उद्या ऑडिटमध्ये काही निघालं तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली पद जाईल आईचं. घरात भांडण न होता तिच्या हातात कारभार कसा यावा? नातेवाइकांनी कार्यालयात ढवळाढवळ करू नये असं परिपत्रक कुणाकडे असेल तर कृपया द्या. कुणाच्या आईने, सासूने हे निभावलंय का?

प्रतिसाद १:
मी स्वतः एक टर्म सदस्य होते. ताई, परिपत्रक घेऊन बाबांसमोर जाऊ नका, ते अजून ताठतील. सुरुवात डोंगलपासून करा. आईंना म्हणावं, वाचल्याशिवाय सही नाही, रात्रभर बुक घरी राहू दे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये होते. आईंनी ती खरी भरवावी, बचत गटाच्या बायका येतीलच. तिथे बाबांना बसता येत नाही, आणि पाण्याचा विषय निघाला की आईंचं तोंड आपोआप उघडेल. माझंही तसंच उघडलं. यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या प्रशिक्षणाचीही पंचायत समितीत चौकशी करा. आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाचा खर्च कुणालाही दिसतो, तुम्ही पुण्यात बसून बघू शकता.

धागाकर्ती:
खूप आभार. खर्च बघितला. गटाराच्या एका कामाचं पेमेंट दिसलं, आईला फोन केला तर म्हणाली, "कुठलं गटार गं?" डोंगलचा पिनही तिला माहीत नाही. रविवारी गावी जातेय, आधी पिन बदलतो आम्ही दोघी.