जुन्या पीसीचं नेट गेलं आणि तुम्ही परत आणलंत? या, लिहा

मागच्या आठवड्यात मिरजेला घरी गेलो तर बाबांचं पहिलं वाक्य, चहा नंतर घे, आधी ते नेट बघ. पीसी २०११ चा, विंडोज ७, त्यावर आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. राऊटरचे दिवे हिरवे, मोबाईलला वायफाय मस्त आणि पीसीवर एक साईट उघडेल तर शपथ, सगळीकडे तोच लाल त्रिकोण. मी पडलो हुशार, त्यामुळे आधी केबल बदलली, मग ब्राउझर काढून परत टाकला, मग राऊटर रिसेट मारला आणि त्या नादात घरातल्या सगळ्यांचं वायफाय घालवून बसलो (आईची सिरियल मोबाईलवर असते, दोन तास बोलत नव्हती). शेवटी बाबाच मागून म्हणाले, अरे हे खाली १ जानेवारी २००९ काय दाखवतंय?

मदरबोर्डवरचा सेल संपलेला! लाईट गेली की घड्याळ मागे, आणि घड्याळ मागे गेलं की पीसीच्या हिशोबानं साईटचं सर्टिफिकेट (साईट खरी असल्याचा दाखला, त्यावर तारखा असतात) अजून जन्मालाच आलेलं नाही, मग उघडणार कशाला. सीआर २०३२, तो चपटा तीन व्होल्टचा, वजनकाट्यात असतो तोच, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. कॅबिनेट उघडलं तर आत धुळीची गोधडी. सेल बसवला, बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतं ते सेटिंग) तारीख नीट केली, चालू.

तुमचेही किस्से येऊ द्या. फक्त शेवटी काय निघालं ते सांगा, "माणूस आला नि करून गेला" नको.

~~~

आमच्याकडे पुण्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि लॅन कार्ड, म्हणजे नेटची वायर जिथे खोचतो तो भाग, गेलं. पीसी चालू, टीव्ही चालू, फक्त लॅनच्या भोकाजवळचा दिवा कायमचा झोपला. जुन्या बाजारातून आत खोचायचं वेगळं लॅन कार्ड (पीसीआय) आणलं, बसवलं, दिवा लुकलुकायला लागला म्हणलं जिंकलो. कसलं काय, नेट जोडायच्या डायलरवर युजरनेम पासवर्ड टाकला की एरर. तीन दिवस मी ड्रायव्हर बदलतोय, विंडोज फॉरमॅट करायच्या तयारीत, आणि केबलवाल्याचा पोरगा वर्गणी न्यायला आला तो दारातूनच म्हणतो, काका कार्ड बदललं का, मग मॅक बदलायला लागेल ना. मॅक म्हणजे प्रत्येक कार्डाचा स्वतःचा नंबर, त्यांच्याकडे जुन्या कार्डाचा बांधलेला. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल ही कमांड मारून फिजिकल ॲड्रेस वाचून दाखवला, त्यानं फोनवर कुणाला तरी सांगितला, दोन मिनिटांत नेट. तीन दिवस ऑफिसमध्ये फोन करत होतो तेव्हा हे एकालाही सुचू नये?

~~~

प्रॉक्सीची टिक (ती असली की नेट थेट न जाता मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत जातं). कुठलं तरी फुकट सॉफ्टवेअर टाकलं होतं, ते काढलं पण जाताना ते इंटरनेट ऑप्शन्समध्ये प्रॉक्सी लावून गेलं. टिक काढली, झालं. एवढं बघायला एक रविवार गेला.

~~~

मी डोंबिवली. सासऱ्यांचा पीसी, आयपी बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. हा दिसला की समजायचं राऊटरकडून पत्ता मिळालाच नाही, पीसीनं स्वतःच स्वतःला दिलाय. विनसॉक रिसेट (विंडोजची नेटची सेटिंग मूळपदावर आणणं) वगैरे सगळं करून झालं. मग खाली वाकून बघितलं तर वायरच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप तुटलेली, आणि ती पडू नये म्हणून बाबांनी अगरबत्तीची काडी खुपसून ठेवलेली 😀 मी म्हटलं बाबा हे कधीपासून, तर म्हणे दिवाळीपासून, चालत होतं की.

नवऱ्याच्या मित्राकडून क्रिंपिंगचं पक्कड (वायरला नवं टोक दाबून बसवायचं) आणलं. आतल्या आठ तारांचा क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हे मी आता झोपेतही म्हणते. पहिले दोन कनेक्टर वाया गेले कारण तारा सरळ करून आत ढकलेपर्यंत निळी आणि हिरवी जागा बदलतात. तारांची टोकं एका रेषेत कापायची आणि बाहेरचं आवरणसुद्धा कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर महिन्याभरात परत लूज. बाबांनी काडी जपून ठेवलीये.

~~~

मी जर्मनीत, आई नागपूरला, दुरुस्ती व्हिडिओ कॉलवर. "लाल लाईट चमकून राह्यला बाप्पा." कुठला, वर काय लिहिलंय? "चष्मा नाही राह्यला जवळ." मग तिनं मोबाईल फायबरच्या डब्यापुढे धरला, एलओएस लाल. म्हणजे प्रकाशच येत नाहीये, पीसीला हात लावायचं कारणच नाही. तिला पिवळी वायर माळ्यापर्यंत बघत जायला सांगितलं. माळ्यावर उंदरानं बरोबर वळणावर कुरतडलेली. आतली काचेची तार जोडायला मशीन लागतं, त्यामुळे कंपनीचा माणूस यावाच लागला (धागाकर्ते, सॉरी). तोवर मोबाईल यूएसबीनं जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाईलचंच नेट पीसीला, करून दिलं.

~~~

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं नेट सुरू केलं त्यानंतर थोड्याच वर्षांत आम्ही फोनच्या लाईनवरचं डायलअप घेतलं, तेव्हा बायकोच्या माहेरचा फोन म्हणजेच नेट जाण्याचं कारण. असो. वर तारखेचा किस्सा आहे त्याचा भाऊबंद सांगतो. माझ्याकडे घड्याळ बरोबर होतं तरी २०२१ च्या ऑक्टोबरात निम्म्या साईट बंद, निम्म्या चालू. ३० सप्टेंबरला साईटना फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं होतं आणि मी विंडोज ७ चे अपडेट कायम बंद ठेवत असे, त्यामुळे नवं आलंच नव्हतं. फायरफॉक्स टाकला, तो स्वतःची सर्टिफिकेटं स्वतः बाळगतो, सगळं उघडलं. पण मिरजकर, विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. वडिलांना त्यावर पेन्शनचं बँकिंग करू देऊ नका राव. मी त्याच डब्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकली, चार जीबी रॅममध्ये बरी चालते.

~~~

बाबांना लिनक्सचं विचारलं. "त्यात पत्ते आहेत का?" एवढंच म्हणाले. पुढच्या खेपेला पेनड्राईव्ह नेतो.

~~~

सावंतवाडीहून. माझं अजून अडकलंय, कुणीतरी सांगा. नवा राऊटर बसवला, मोबाईलला फुल रेंज, जुन्या पीसीच्या यूएसबी डोंगलला (वायफाय पकडायची काडी) शेजाऱ्यांची सगळी वायफाय दिसतात, आपलं सोडून.

~~~

राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर वायफाय देतो. डोंगल फक्त २.४ वालं असणार, ५ त्याला दिसतच नाही. राऊटरमध्ये २.४ बंद असेल तर चालू करा, त्याला वेगळं नाव द्या. आणि सिक्युरिटी (वायफायच्या पासवर्डची पद्धत) नवी डब्ल्यूपीए३ असेल तर जुनी डब्ल्यूपीए२ करून बघा. डोंगल कॅबिनेटच्या मागे असेल तर एक्स्टेंशन वायर लावून पुढे आणा, पत्रा सिग्नल खातो.

~~~

झालं झालं! २.४ बंदच होतं. दिसलं, जोडलं, आता त्याच पीसीवरून लिहितोय. फक्त आता प्रिंटर सापडत नाहीये, तो अजून जुन्याच वायफायचं नाव शोधतोय, आणि त्याला बटणं आहेत दोन.