मदत हवी आहे: पायथनला ‘गुऱ्हाळ’ आणि ‘गुर्‍हाळ’ वेगळे का वाटतात?

गूळपट्टी (धागाकर्ती), मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानात हिशोब बघते. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) घरी बसून शिकले, कामापुरतं येतं. दोन दिवस एकाच ठिकाणी अडकलेय. सगळं सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

आमच्याकडे सौद्याला येणारा गूळ गुऱ्हाळाच्या नावावर उतरतो. रवे किती, वजन किती, भाव काय लागला ही नोंद मी दुकानातल्या संगणकावर करते. हंगामाच्या तोंडावर गुऱ्हाळमालकांना दिलेली उचल मात्र दिवाणजी लिहितात. पूर्वी वहीत लिहायचे, आता मोबाइलवरच्या शीटमध्ये. सौदा झाला की दोन्ही फायली पांडाजमध्ये (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) जोडायच्या, हमाली, तोलाई आणि उचलीचा हप्ता वजा करायचा आणि शेतकऱ्याची पट्टी काढायची, एवढंच माझ्या स्क्रिप्टचं काम आहे.

दोन्ही फायलींत ‘गुऱ्हाळाचे नाव’ असा स्तंभ आहे. जोडायला गेले की ‘की-एरर’ येतो, म्हणजे या नावाचा स्तंभच नाही म्हणतो. डोळ्यांसमोर आहे आणि तरी नाही! शेवटी दिवाणजींच्या फायलीतलं शीर्षक पुसून मी माझ्या हातानं टाइप केलं, तेव्हा जोडणी चालली. पण आता २१२ ओळींपैकी ४१ ओळींना उचलच सापडत नाही. ती नावं दोन्हीकडे आहेत, मी एकेक करून पाहिली.

मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा ‘स्ट्रिप’नं काढून पाहिल्या. दोन्ही फायली यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) मध्येच वाचते. पायथन ३.११ आहे.

घाई अशासाठी की मागच्या शुक्रवारी एका शेतकऱ्याची पट्टी उचल वजा न होताच गेली. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात आले, म्हणाले, “ताई, माझी उचल कापायची राहिली बघा.” माणूस सरळ म्हणून निभावलं. पण उलटंही होऊ शकतं, एकाची उचल दुसऱ्याच्या पट्टीत जाऊ शकते. पैशाचा मामला आहे, मला हे अंदाजानं दुरुस्त करायचं नाही. शनिवारच्या आत कारण कळलं तर फार बरं होईल.

शिरोली नाका, रात्री १०.०५

प्रश्न छान मांडलाय. एक शंका: फाइल एक्सेलमधून सीएसव्ही म्हणून जतन केली आहे का? तशा फायलीच्या अगदी सुरुवातीला कधीकधी एक न दिसणारं चिन्ह बसतं, बीओएम म्हणतात त्याला. ते पहिल्या स्तंभाच्या शीर्षकाला चिकटतं आणि मग नेमका असाच की-एरर येतो. वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, ते चिन्ह गळून पडेल.

गूळपट्टी, रात्री १०.२२

धन्यवाद दादा, लगेच करून पाहिलं. फरक पडला नाही. माझ्या फायलीत हा स्तंभ तिसरा आहे आणि दिवाणजींच्या फायलीत दुसरा, त्यामुळे सुरुवातीचं चिन्ह इथपर्यंत पोचत नसावं.

पेठेतला, रात्री १०.५०

ताई, २१२ ओळी बाजूला ठेवा. जी ४१ नावं जुळत नाहीत तेवढीच एका खाली एक छापा आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते बघा. चूक यंत्राची असो की माणसाची, ती बहुधा एकाच खोडीनं येते.

मग त्यातलं एकच नाव घ्या. दोन्ही फायलींतून ते उचलून आधी ‘लेन’ने लांबी मोजा, नंतर पायथनमधलं ‘ॲस्की’ हे फंक्शन लावून छापा. ते अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या चिन्हाला ठरवून दिलेला क्रमांक, दाखवतं. पडद्यावर अक्षर कसं दिसतं ते फाँट ठरवतो. तुलना मात्र क्रमांकांची होते, त्यामुळे डोळ्यांनी कितीही वेळा तपासलंत तरी हे सापडणार नाही.

आणि इथे शेतकऱ्यांची खरी नावं किंवा रकमा टाकू नका. ‘माळावरचं गुऱ्हाळ’ असं काहीतरी बनवून त्याचंच उत्तर द्या.

गूळपट्टी, रात्री ११.३०

बरं झालं सांगितलंत, मी खरी यादीच चिकटवणार होते.

४१ पैकी ३८ नावांत ‘ऱ’ आहे! काहींत ‘गुऱ्हाळ’ हा शब्द आहे, काहींत ‘कुऱ्हाडे’ आडनाव. उरलेली तीन वेगळी आहेत. पण एक कोडं राहतंच. ‘ऱ’ असलेली पाच-सहा नावं बरोबर जुळतात. ती मी मागच्या हंगामात दिवाणजींच्या फायलीतून कॉपी करून घेतली होती, त्याचा संबंध असेल का?

नुसता ‘गुऱ्हाळ’ हा शब्द घेऊन मोजलं. माझ्या फायलीत लांबी ७, दिवाणजींच्या फायलीत ८. माझ्याकडे तिसरा क्रमांक ०९३१ आणि चौथा ०९४डी. त्यांच्याकडे ०९३०, मग ०९४डी, आणि त्यानंतर २००डी असं काहीतरी आलंय. पुढे दोन्हीकडे सारखंच. हा २००डी कोण?

जुना टंकलेखक, बुधवार, सकाळी ७.१५

हा २००डी माझा जुना ओळखीचा. मी अनेक वर्षं राजारामपुरीत डीटीपीचं काम केलं आहे, लग्नपत्रिकांपासून साखर कारखान्यांच्या अहवालांपर्यंत.

त्याचं नाव ‘झिरो विड्थ जॉइनर’, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. स्वतः दिसत नाही, शेजारच्या अक्षराचं रूप तेवढं बदलतो. नुसतं र, हलन्त आणि ह लिहिलं तर रफार येतो, ‘गुर्हाळ’. मराठीला तिथे आडवा अर्धा र हवा असतो. तो युनिकोडमध्ये दोन वाटांनी मिळतो. सरळ वाट ०९३१, म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, आणि त्यापुढे हलन्त. आयएससीआयआय या आपल्या जुन्या भारतीय मानकाला धरून ही पद्धत ठेवली आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे दाबलं की हाच ऱ येतो. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त आणि हा जोडक. युनिकोडच्या २.० आवृत्तीत ती होती, त्या काळातला मजकूर मोडू नये म्हणून पुढेही चालू ठेवली.

दोन्ही वाटा मान्य, दोन्हींची छपाई एकसारखी. तुमचा कळफलक पहिल्या वाटेनं जातो आणि दिवाणजींचा मोबाइल दुसऱ्या. कॉपी केलेली नावं जुळतात याचं कारण तुम्ही ओळखलंच आहे, जोडकही बरोबर कॉपी झाला.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायला मी जो कन्व्हर्टर वापरायचो तोही दुसऱ्याच वाटेनं जायचा. शोधायला गेलं की अर्धे ‘शेतकऱ्यांचे’ सापडायचे, अर्धे नाही. कारण कळायला मला वर्ष लागलं होतं. तुम्ही एका रात्रीत तिथवर आलात, याचा मनापासून आनंद झाला.

नवशिका कोडर, सकाळी ८.०२

मग सोपं आहे की. २००डी जिथे असेल तिथे रिकाम्या स्ट्रिंगनं रिप्लेस करून टाका. दोन्ही फायलींत केलं की झालं.

पेठेतला, सकाळी ८.३१

नको, हे करू नका. जोडक काढला की मागे र, हलन्त, ह उरतं, म्हणजे रफाराचा ‘गुर्हाळ’. ताईंच्या फायलीत तर ०९३१ आहे, त्यामुळे नावं तरीही जुळणार नाहीत, उलट दिवाणजींच्या फायलीतलं लेखन बिघडेल. मराठीत हा फरक नुसता दिसण्याचा नाही. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यात एकीकडे गुरुजी येतील, दुसरीकडे स्वयंपाकी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ तसंच.

बरोबर क्रम असा ठेवा. आधी ‘युनिकोडडेटा’मधलं ‘नॉर्मलाइझ’ एनएफसी प्रकारानं (तुकड्यांत लिहिलेलं अक्षर एकसंध करणारा प्रकार) चालवा. मग र, हलन्त, जोडक ही तीन चिन्हं एकत्र दिसतील तिथे ऱ आणि हलन्त ही दोन घाला. त्यानंतरच इतरत्र उरलेले जोडक काढा. क्रम उलटा झाला तर रफार होऊन बसेल आणि मग मागे फिरता येणार नाही.

नुसत्या एनएफसीनं हे काम होत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ ठिकाणी तेवढाच उपाय लिहिलेला असतो. र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन केलेला ऱ एनएफसी एकत्र आणतं. जोडकवाला ऱ मात्र त्याच्या लेखी वेगळाच मजकूर आहे, त्याला ते हात लावत नाही.

आणि मूळ स्तंभ बदलू नका. ‘जुळणी’ नावाचा नवा स्तंभ करा, शुद्ध केलेलं नाव त्यात ठेवा, जोडणी त्याच्यावर करा. पट्टीवर मालकांनी दिलं तसंच नाव छापलं जाऊ दे.

गूळपट्टी, रात्री ९.१०

दुपारी जेवणाच्या सुट्टीत केलं. ३८ च्या ३८ जुळली! दिवाणजींना पडद्यावर दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे माझं लिहिणं चुकलं नव्हतं तर.” गेला आठवडाभर दुकानात सगळे त्यांच्याच टायपिंगला दोष देत होते, मीसुद्धा. त्यांची माफी मागितली.

उरलेल्या तिघांपैकी एक एनएफसीनंच सुटलं. त्यात र खाली नुक्ता होता. मी शोधत होते तो ‘ऱ’ ०९३१ चा, म्हणून हे नाव ३८ मध्ये मोजलंच गेलं नव्हतं. गंमत म्हणजे त्याचीही लांबी ८ च होती, म्हणून नुसती लांबी पाहून ते जोडकवालंच वाटलं असतं.

दुसरं नाव ‘ॲड.’ पासून सुरू होतं, मालक वकील आहेत. तिथे काय झालंय?

तिसऱ्यात माझ्याकडे ‘माळवाडी’ आणि त्यांच्याकडे ‘मालवाडी’. हे दोन्ही एकच का, हे मला खरंच माहीत नाही.

जुना टंकलेखक, रात्री ९.४५

‘ॲ’ हे एकसंध अक्षर, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी आम्ही अ वर चंद्र देऊन भागवायचो, कोणी मध्ये जोडकही घालायचं. यांचंही एनएफसी एकत्रीकरण करत नाही. तुमच्या फंक्शनमध्ये आणखी एक ओळ घाला: जोडक काढून झाल्यावर अ आणि ०९४५ (म्हणजे तो चंद्र) शेजारी दिसले की ०९७२. उचलीच्या स्तंभाला कोणी ‘ॲडव्हान्स’ नाव दिलं तर तिथेही हेच होणार, तेव्हा हे फंक्शन शीर्षकांवरूनही फिरवा.

नवशिका कोडर, रात्री १०.००

सकाळी घाईनं लिहिलं, चुकलं. पेठेतल्या दादांनी समजावलं ते करून पाहिलं, आता कळलं.

‘माळवाडी’साठी पायथनसोबत येणारं ‘डिफलिब’ वापरता येईल का? त्यात जवळचं नाव शोधणारं फंक्शन आहे.

शिरोली नाका, रात्री १०.१८

वापरा, पण निर्णय त्याच्यावर सोडू नका. त्याची मूळ मर्यादा ०.६ असते, म्हणजे बऱ्याच सैल जुळणीलाही ते हो म्हणतं. एका गावात दोन सख्ख्या भावांची दोन गुऱ्हाळं असतात, आडनाव तेच, गाव तेच, नावात एका अक्षराचा फरक. तिथे यंत्रानं ‘जवळचं’ म्हणून उचल फिरवली तर भावाभावांत भांडण लावाल. न जुळलेल्या नावांसमोर जवळची दोन-तीन नावं छापून घ्या आणि दिवाणजींना विचारा. हो की नाही ते माणूस सांगेल. त्याचं उत्तर एका छोट्या तक्त्यात लिहून ठेवा, पुढच्या वेळी स्क्रिप्ट तो तक्ता आधी बघेल.

जोडणी करताना पांडाजच्या ‘मर्ज’ला ‘इंडिकेटर’ चालू करा. कुठली ओळ एकाच फायलीत आहे ते तो वेगळ्या स्तंभात सांगतो. एक जरी ओळ न जुळलेली असेल तर पट्ट्या छापूच नयेत, तिथेच थांबावं, असं मी तरी करेन. गेल्या शुक्रवारी खरा घोटाळा इथे झाला. नाव जुळलं नाही आणि स्क्रिप्टनं उचल शून्य धरली.

जमलं तर प्रत्येक गुऱ्हाळाला क्रमांक द्या. नावानं जोडणी करणं हा नाइलाजाचा मार्ग आहे.

गूळपट्टी, शुक्रवार, रात्री ८.५०

शेवटचं वाक्य वाचून मी खरंच थबकले. जिथे उचल सापडली नाही तिथे शून्य भरायची ओळ मीच लिहिली होती, बेरजेत रिकामी घरं अडतात म्हणून. ती काढली. आता एक जरी नाव जुळलं नाही तरी स्क्रिप्ट थांबते आणि यादी दाखवते.

‘माळवाडी’ आणि ‘मालवाडी’ एकच निघालं, दिवाणजींनी मालकांना फोन करून खात्री केली. क्रमांकाचं दुकानात बोलले. या हंगामात वही बदलायला मालक तयार नाहीत, पुढच्या पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापासून करू म्हणालेत. तोवर ‘जुळणी’ स्तंभावर चालेल.

आज बसून या हंगामातल्या सगळ्या जुन्या पट्ट्या नव्या फंक्शननं पुन्हा तपासल्या. आणखी चार ठिकाणी उचल वजा व्हायची राहिलेली सापडली. चौघांनाही उद्या सकाळी दिवाणजी स्वतः फोन करणार आहेत. फंक्शनच्या आठ ओळी खालच्या प्रतिसादात चिकटवते, नावं सगळी बनवलेली आहेत. कोणाच्या दूध संस्थेत किंवा सेवा सोसायटीत असाच ‘ऱ’ अडला असेल तर उचलून न्या.

पेठेतला, रात्री ९.०५

चिकटवा. आणि ‘ऱ’चे तिन्ही प्रकार असलेला एकेक नमुनाही सोबत द्या, म्हणजे घेणाऱ्याला आधी त्याच्यावर चालवून बघता येईल.